गरवणाऱ्यांचं दुकान

दीप्तीने गळाच्या कडीतून तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा ओवला, त्याचे त्याच्याभोवतीच वेढे दिले, टोक मागच्या फासातून काढलं आणि ओढलं. गाठ बसल्यासारखी वाटली. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या रतनने गळ चिमटीत धरून हलका हिसका दिला. सगळे वेढे उलगडले आणि तंगूस सरळ झाला.

"राहू दे वहिनी. मी बांधतो घरी."

"थांबा रतनदादा. परत बांधते."

रतन गोराईचा कोळी. होडीची जाळी तो दुसरीकडून आणायचा, पण गळ, शिसं आणि तंगूस मात्र कित्येक वर्षं याच दुकानातून न्यायचा. बोरिवलीत जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चष्म्याचं दुकान आणि केकचं दुकान यांच्या मधल्या अरुंद गाळ्यात ते होतं. दारात बांबूच्या काठ्या, आत काचेखाली लहानमोठे गळ, भिंतीवर टांगलेली रिळं. मासे गरवण्याचं सामान विकणारी आणखी दोन दुकानं पूर्वी याच भागात होती. आता एका जागी दवाखाना होता, दुसऱ्या जागी जिम.

दुसरी गाठही सुटली.

"कोरडी ओढताय तुम्ही," रतन म्हणाला. "आवळायच्या आधी थुंकी लावा. तंगूस कोरडा घासला की कमजोर होतो."

दीप्तीने जरा संकोचून गाठ जिभेला लावली आणि हळूहळू आवळली. रतनने हिसका दिला, मग जोर लावून ओढलं. गाठ हलली नाही. त्याने गळ पिशवीत टाकला.

"अण्णा कसे आहेत?"

"चालतात आता घरातल्या घरात. उजवा हात वळत नाही अजून."

"तो मोबाइलवाला परवा इथं उभा होता. गिऱ्हाईक किती येतं म्हणून केकवाल्याला विचारत होता." रतनने पिशवीचं तोंड बांधलं. "दिलं का दुकान?"

"नाही," दीप्ती म्हणाली. "द्यायचं नाहीये."

ते तितकंसं खरं नव्हतं. तिचा नवरा हर्षद गाळ्यात मोबाइलचं दुकान काढू पाहणाऱ्या त्या माणसाला जवळजवळ होकार देऊन बसला होता. जूनमध्ये अण्णांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला आणि दुकानाचं शटर खाली गेलं ते पावसाळाभर वर झालंच नाही. सप्टेंबरमध्ये दीप्तीने किल्ली मागितली तेव्हा हर्षदने नुसतं बघितलं होतं. लग्नाआधी ती कांदिवलीत साड्यांच्या दुकानात होती. काउंटर तिला नवा नव्हता. पण गळ आणि साडी यांत फरक होता.

"अण्णांसाठी," ती तेव्हा म्हणाली होती. "उभं आयुष्य काढलंय त्यांनी तिथं. अंथरुणावर असताना दुकान गेलेलं कळलं तर खचतील ते."

दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं. आता दिवाळी तोंडावर आली होती.

दुपारी आकाश नावाचा एक तरुण आला. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात कापडात गुंडाळलेलं चकचकीत रीळ.

"अण्णा नाहीत का?"

"आजारी आहेत. काय झालंय?"

"हे हँडल उलटंही फिरतंय. मासा लागला की दोरी सुटतच जाते." त्याने रीळ काउंटरवर ठेवलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "इथून नाही घेतलं. ऑनलाइन घेतलंय. ते म्हणतात वॉरंटी संपली. तुम्ही रिपेअर करता ना?"

दीप्तीने हँडल फिरवून बघितलं. आत काहीतरी सैल खुळखुळत होतं. असलं रीळ तिने कधी उघडलं नव्हतं.

"करते," ती म्हणाली. "शनिवारी ये."

संध्याकाळी घरी अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दीप्तीने पुढ्यातल्या टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलं, रीळ ठेवलं आणि स्क्रू काढायला घेतले. सासऱ्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. ते दाखवतील तो स्क्रू ती काढत होती. आजारपणानंतर ते कमी बोलत, आणि बोलले की गावाकडची मालवणीच तोंडात येई. शब्द सावकाश येत, पण स्पष्ट.

झाकण निघालं. आत मिठाचा पांढरा थर बसला होता आणि तपकिरी गंज. दातेरी चाकाला अडवणारी नखाएवढी कडी मोकळीच लोंबत होती. तिला दाबून धरणारी स्प्रिंग तुटली होती.

"खाऱ्या पाण्यातनां काडल्यार धुवक व्हया," अण्णा म्हणाले. "कोण धुतत नाय."

जुन्या मोडक्या रिळांतलं सामान एका डब्यात होतं. दीप्तीने तो ओतून स्प्रिंगा निवडायला सुरुवात केली. निवडता निवडता ती बोलत होती. रतनदादा म्हणाले, जेटीच्या खांबांपाशी तांबोशी लागतायत. आयसी कॉलनीतले ते निवृत्त मास्तर आले होते, त्यांचा जिताडा म्हणे हाताशी येऊन सुटला. किती मोठा होता ते दाखवताना त्यांचे हात दोन्हीकडच्या भिंतींना लागायचेच बाकी होते.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

"दीप्ती, दुकान कोणासाठी चालवतंस?"

तिने मान वर केली. "म्हणजे? तुमच्यासाठी."

"माज्यासाठी नको."

"असं का म्हणता?"

"ह्यां दुकान माका कधीच आवडलां नाय."

तिला वाटलं, आजारपणातली निराशा असेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर निराशा दिसत नव्हती. बरेच दिवस सांगायचं राहिलेलं सांगून टाकावं तसे ते बोलत होते.

"मी गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली. मामान गाळो दिल्यान, सामानासकट. हर्षद ल्हान. दुकानात बसलंय." ते थांबले, श्वास घेतला. "रिळां उघडूक आवडी. बाकी नाय. मी जल्मात कधी गरवूक गेलंय नाय."

दीप्तीच्या हातातली स्प्रिंग वर्तमानपत्रावर पडली.

"एकदाही नाही? मग कुठल्या भरतीला कुठला मासा लागतो, कुठं आमिषाला कोळंबी लावायची, ते सगळं सांगायचात लोकांना? अजून नाव काढतात तुमचं."

"रतनान सांगलां, तां मास्तरांक सांगलंय. मास्तरांनी सांगलां, तां रतनाक. माजां त्यात काय नाय."

ते दोघं एकमेकांना ओळखत तरी होते का, हे तिला आठवेना. एक सकाळी होडी बांधून यायचा, दुसरा संध्याकाळी फिरून परतताना.

"आणि घरात आमी कोणी कधी दुकानाबद्दल बोल्लंव नाय," अण्णा पुढे म्हणाले. "तू जेवताना दुकानाच्या गजाली सांगतंस. मी घराक येवन कधी दुकानाचां नाव काढलंय?"

त्यांनी कधी काढलं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून गावच्या आंब्याच्या कलमांबद्दल, गिरणीतल्या मशिनींबद्दल ऐकलं होतं. दुकानाबद्दल एक शब्दही नाही. दमून येतात, असं ती समजत आली होती.

"देवन टाकूचां तर टाका. माका वायट वाटूचां नाय. नाय देवचां तर तूच सांग हर्षदाक. पण माजां नाव घेव नको."

दीप्तीने पडलेली स्प्रिंग उचलली आणि कडीच्या मागे लावून बघितली. मोठी होत होती. तिने दुसरी घेतली.

हर्षद आला तेव्हा रीळ बंद करून झालं होतं. तो मालाडला एका कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर होता. हातपाय धुऊन तो जेवायला बसला.

"उद्या सकाळी तो माणूस येतोय मापं घ्यायला," तो म्हणाला. "किल्ली मला देऊन ठेव."

"त्याला येऊ नको म्हणून सांग."

"दीप्ती, आपलं ठरलं होतं. अण्णांना वाईट वाटेल म्हणून किती दिवस ओढायचं?"

"अण्णांना वाईट वाटणार नाही. त्यांना नकोच आहे दुकान." तिने त्याच्या ताटात भात वाढला. "मला हवंय."

हर्षदने वडिलांकडे बघितलं. ते डाव्या हाताने रिळाचं हँडल मागे फिरवून बघत होते. ते फिरत नव्हतं.

"तुला मासे तरी ओळखू येतात का सगळे?"

"काही येतात. बाकीचे विचारते."

"मी रोज बघतो गं. लांबच लांब खोकी येतात गोदामात. रॉड, रिळं असतात त्यात. माझ्याच हाताखालून लोकांच्या घरी जातात. तुझ्याकडे कोण येणार?"

"तू पाठव. ती बिघडली की माझ्याकडे येतात. आज एक आलं."

"त्यावर चालणार आहे दुकान?"

"माहीत नाही," दीप्ती म्हणाली. "चालवून बघते."

हर्षद भात कालवत म्हणाला, "त्याला आता फोन करून काय सांगू मी?"

"नको करूस. येऊ दे. मी बोलते."

मोबाइलवाला सकाळी टेप घेऊन आला. दीप्तीने त्याला चहा पाजला आणि गाळा मिळणार नाही असं सांगितलं. त्याने दोनतीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. तिने दरवेळी तेच उत्तर दिलं. तो गेल्यावर तिने आतल्या भिंतीशी खोक्यांखाली दबलेलं लाकडी बाकडं मोकळं केलं, पुसलं आणि ओढत ओढत दाराबाहेर पायरीलगत आणून ठेवलं. केकवाला येऊन बघून गेला. गिऱ्हाइकांना बसायला, असं तिने त्याला सांगितलं.

शनिवारी आकाश रीळ न्यायला आला तेव्हा रतन बाकड्यावर बसून शिशाचे गोळे हातात तोलून बघत होता. आकाशने हँडल उलटं फिरवून पाहिलं, सुलटं फिरवून पाहिलं.

"झकास. थँक यू ताई." मग तो जरा घुटमळला. "सध्या तांबोशी कुठं लागतात? मला काहीच मिळत नाहीये."

"मला नाही माहीत," जेटीच्या खांबांचं ऐकलेलं असूनही दीप्ती म्हणाली. "यांना विचार. हे रतनदादा, गोराईचे."

रतनने त्या पोराला पायांतल्या पांढऱ्या बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. लगेच काही सांगण्याचा त्याचा विचार दिसत नव्हता. दीप्तीने त्याच्याकडे न बघता फडक्याने काच पुसायला घेतली.

"बसतोस कुठं तू?" अखेर रतनने विचारलं.

"जेटीच्या उजवीकडे. तिवरांपाशी."

"तिथं काय मिळणार? ओहोटीला नुसता चिखल." रतन बाकड्यावर थोडा सरकला. "बस. कुठली भरती बघून जातोस?"

आकाश बॅग मांडीवर घेऊन बसला. रतन हाताने खाडीचं वळण काढून दाखवू लागला. आवाज मुळातच बारीक, त्यात आपल्या जागा सांगताना तो आणखी खाली आला होता.

ऑक्टोबरचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. दीप्तीने उठून डोक्यावरचा पंखा बंद केला. त्याच्या खडखडाटात नीट ऐकू येत नव्हतं.