तिसऱ्या वळणावर थांबवलेला ट्रक

आमच्या घरी ट्रक कागद पाहून घेतला जात नाही. भरलेला ट्रेलर मागे जोडायचा, घाटाच्या तिसऱ्या वळणावर, जिथे चढ सर्वांत उभा आहे तिथे, गाडी पूर्ण थांबवायची आणि पुन्हा उचलायची. मी शेजारी डोळे मिटून बसते आणि इंजिन ऐकते. चाळीस वर्षे आमच्या घरचे ट्रक माझ्या कानांनी निवडले आहेत.

या खेपेस डोंगरमाथ्यावरच्या बोगद्यासाठी नऊ-नऊ टनांची खोदाईची यंत्रे वर न्यायची होती. ते काम मी नातीच्या हाती द्यायचे ठरवले होते. विक्रेत्याने परीक्षेसाठी दोन ट्रक आणून उभे केले, एक पेट्रोलचा आणि एक डिझेलचा.

"पेट्रोलचा घेऊ. दुरुस्तीला सोपा," माझा थोरला मुलगा म्हणाला.

"मग बाबा, वर तुम्हीच न्या," त्याची लेक, तीच माझी नात, म्हणाली. "रोज चढावर इंजिनाचं रडगाणं ऐकायला मी येणार नाही. मी आपली सपाटीवर बरी."

"अगं, कालपर्यंत तुला सायकल येत नव्हती."

"म्हणून तर पडायची भीती अजून लक्षात आहे."

"निकाल वळणावर लागेल," मी म्हणाले. मनातून मात्र माझा कौल पेट्रोलला होता. सुरू होताच त्याने अंगण दणाणून सोडले होते, डिझेलचा नुसता गुरगुरत होता.

आधी एक यंत्र लादलेला ट्रेलर जोडून पेट्रोलचा नेला. तिसऱ्या वळणावर नातीने थांबवला.

"उचल."

इंजिनाने असा आवाज चढवला की दाराची काच थरथरली. ट्रक वीतभर मागे सरकला आणि मग पुढे झाला.

"याला म्हणतात जोर," मी म्हणाले. डोळे उघडले तेव्हा नातीची बोटे स्टिअरिंगवर पांढरी पडलेली दिसली, पण मी ते मनावर घेतले नाही.

खाली येऊन तोच ट्रेलर डिझेलच्या ट्रकमागे जोडला. तेच वळण. मी डोळे मिटले.

"उचल."

खालच्या पट्टीतली एक घरघर, एवढेच. मी वाट पाहिली. आवाज काही चढेना.

"उचल म्हणते ना. की बंद पडला?"

"उचलला कधीच, आजी. कठडा बघ."

मी डोळे उघडले. कठड्याचे पांढरे दगड एकामागून एक, संथपणे, मागे जात होते. पाठीशी नऊ टन लोखंड होते आणि माझ्या पायाखालची फळी हललीही नव्हती. नातीचा एक हात मांडीवर विसावला होता. अंगावर काटा आला. इतके बळ, आणि त्याचा एवढासा उच्चार. तो दुसरा बिचारा धापा टाकत होता आणि मी त्याला जोर म्हणत होते.

उतरतानाही इंजिनानेच भार धरून ठेवला. नातीचा पाय ब्रेकवर क्वचितच गेला.

खाली थोरला वाट पाहत होता. "काय ठरलं?"

"डिझेल. मी चुकले होते."

माझ्या तोंडून हे वाक्य त्याने कधी ऐकले नव्हते. तो विक्रेत्याकडे पाहू लागला, जणू त्यानेच ते म्हटले असावे.

"उद्यापासून मी नेते," नात म्हणाली. "पण आजी, परीक्षेला डोळे उघडे ठेवायचे."

"ते मी ठरवीन. चल, पुन्हा वर घे."

"आता कशाला?"

"पाहायचं आहे मला," मी म्हणाले आणि दार ओढून घेतले.