एका दिवसाची पावती

रविवारी जेवणं आटोपली की दादा स्वयंपाकघरातलं टेबल स्वतः पुसायचा, वही उघडायचा आणि लाल पेन्सिल कानावर खोचायचा. वही बस कंपनीची, साल उलटून गेलेली. तिच्यात रकाने आयतेच होते: थांबा, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ. अठ्ठावीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस तो. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो?

“सहा दहाला निघायचं, बारक्या. सव्वासहा नाही. सहा दहा.”

“का? मागे शिट्टी मारायला कंडक्टर उभा आहे का आपल्या?”

बारक्या हा त्याचा धाकटा भाऊ. चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, पण दादाच्या तोंडी बारक्याच. बाजारामागच्या गल्लीत त्याचं रफूचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा; एक दिवा, एक स्टूल, सुयांचा डबा. कोटाला सिगारेटचं भोक पडो की शाल खिळ्याला अडको, बारक्या त्याच कपड्याच्या दुमडीतून धागे ओढून घ्यायचा आणि भोक असं विणून टाकायचा की मालकालाही शोधून सापडू नये. गाठ मात्र कधीच मारायची नाही. गाठ बोटाला लागते, आणि बोटाला लागलं ते रफू कसलं? लहानपणी रफू शिकवणारे उस्ताद एका गाठीला एक टपली द्यायचे. ती टपली चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात बसली होती.

बेत होता मासे पकडायला जायचा. आता मासे पकडायला दोन दिवसांचा रस्ता तुडवायचा कशाला, असं कोणीही विचारील. वहिनी तर रोज विचारायची. पण हे गळाला गांडूळ लावून काठावर डुलक्या काढणं नव्हे. यात पिसांची खोटी माशी बनवतात, ती लांब दोरीच्या टोकाला बांधतात, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून, दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत, माशी पाण्यावर अलगद टेकवतात. माशाला वाटतं, खरीच बसली. दादाने हे पाहिलं होतं ते बसच्या काचेतून. त्याच्या रस्त्यात एक अरुंद पूल होता. दर फेरीला सकाळी सात वीसला त्यावरून बस हळू न्यावी लागे, आणि खाली ती माणसं उभी असत. अठ्ठावीस वर्षं दादाने त्यांना दर फेरीला दीड मिनिट पाहिलं. थांबायची सोय नव्हती. पाठीमागे पन्नास उतारू घड्याळाकडे बघत बसलेले असायचे.

“एकदा खाली उतरायचंय मला,” तो म्हणायचा. “एकदा मासा ओढतो कसा, ते हाताला कळायला हवं. मग बस.”

हे ‘मग बस’ ऐकलं की बारक्या विषय बदलायचा. महिन्यापूर्वीच डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं: दोन महिने, फार तर तीन. दादाला सांगितलं ते वेगळंच. छातीत पाणी झालंय, गोळ्यांनी उतरेल. ही थाप वहिनीने आणि बारक्याने मिळून ठरवली होती. खरे कागद दुकानात होते, चिंध्यांच्या खोक्याच्या तळाशी. भोकं बुजवणं हाच बारक्याचा धंदा. त्याला वाटलं, हेही जमेल.

पैशांची ओढाताण होतीच. दादाचं पेन्शन औषधं गिळत होती, आणि बारक्याच्या धंद्याला उतरती कळा लागली होती. लोक हल्ली फाटलेलं फेकून देतात, वर फाटकीच पँट जास्त पैसे मोजून विकत घेतात, मेले! तेव्हा कात्री लावणं आलं. लॉजवर काट, लाँड्रीवाल्याची व्हॅन उसनी घ्यायची आणि तिच्यातच झोपायचं. खाणं घरून. गळाची काठी जुन्या बाजारातली, तीन तुकड्यांची, तिचा एक सांधा दोऱ्याने आवळलेला.

“चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” वहिनी म्हणाली. “मासा बाजारात मिळतो. कापूनही देतात.”

“तो मेलेला असतो,” दादा म्हणाला.

वहिनीने भांडी जरा जोरात घासली.

सगळ्यात जड होती ती पावती. त्या नदीवर एक कार्यालय होतं, आणि पाण्यात गळ टाकायचा तर दर दिवसाची वेगळी पावती फाडावी लागे. बारक्याने एकट्या दादासाठी दोन दिवसांच्या धरल्या होत्या. दादाने कानावरची पेन्सिल काढली आणि दुसऱ्या दिवसावर सरळ लाल रेघ मारली.

“अरे दादा! एवढी तंगडतोड करून एकच दिवस?”

“नाकापेक्षा मोती जड नको. वाचलेल्या पैशांत चार माश्या विकतच्या घे. चांगल्या, दुकानातल्या.”

हे बारक्याला झोंबलं. “विकतच्या? मग मी काय माश्या मारायला बसलोय? कसरीने चाळणी केलेले कोट उभे केलेत या हातांनी. हुकाला दोन पिसं बांधायला आता दुकानदार हवा?”

“ते काम वेगळं आहे, बारक्या. निदान एक तरी विकतची असू दे.”

“धागा म्हणजे धागा. एकही नको.”

दादाने पुढे वाद घातला नाही. हल्ली वादाला दम पुरत नव्हता.

मग बारक्या झपाटल्यासारखा कामाला लागला. कोंबडीवाल्याकडून मूठभर पिसं आणली, दुकानातलं उरलंसुरलं रेशीम काढलं. छोट्या पक्कडीत हूक धरायचा, त्यावर रेशीम गुंडाळायचं, पीस बसवायचं, आणि शेवटचं टोक सुईने आतल्या वेढ्यांखाली सरकवून कापून टाकायचं. बघणाऱ्याला धागा कुठे संपला ते कळू नये. गिऱ्हाईक ताटकळलं तरी हा आपला पिसं फुंकत बसलेला. पंधरवड्यात चाळीस माश्या झाल्या. दादाने एक तळहातावर घेतली, बोटांनी ओढून पाहिली. हलली नाही.

“उडेल रे ही,” तो म्हणाला, आणि एवढा हसला की खोकल्याची उबळ आली. ती पाच मिनिटं गेली नाही.

निघायच्या सकाळी दादा सहालाच व्हॅनमध्ये बसून घड्याळ बघत होता. वहिनी डबे देत म्हणाली, “बघा, अजून मिनिटं मोजताहेत. जित्याची खोड...” पुढची म्हण तिच्या तोंडातच राहिली. ती पाणी आणायचं निमित्त करून आत गेली ती बाहेर आलीच नाही. सहा दहाला व्हॅन निघाली.

गाडी बारक्याने चालवली आणि दादाने शेजारून आरडाओरडा केला: गिअर बदल, आरसा बघ, त्या ट्रकच्या नादी लागू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याने ओरडणं सोडलं. बारक्याला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. वेळापत्रकात नसलेले सात थांबे झाले. प्रत्येक थांब्यावर दादा दाराला धरून खोकायचा आणि परत बसल्यावर वहीत वेळ लिहायचा. दुसरी रात्र कार्यालयाच्या आवारात व्हॅनमध्येच काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पावती खिशात घालून, ते पुलाखाली उतरले. दादाने आधी मान वर करून पूल पाहिला. वरून एक बस हळू गेली. त्याने तिला हात केला. मग रबरी बूट घालून तो पाण्यात शिरला, आणि मागे पट्ट्याला धरून बारक्या. पाणी हाडं गोठवणारं होतं. दोरी झुडपांत अडकली, काठीत अडकली, एकदा बारक्याच्या कानात अडकली; माशी काही पाण्यापर्यंत पोचेना. दादा दोनदा दगडावर बसून राहिला, ओठ निळे पडलेले. बारक्या म्हणाला, पुरे आता. दादा म्हणाला, गप.

दुपार कलायला लागली होती. माशी एकदाची अलगद टेकली, अगदी पुलाखालच्या माणसांची टेकायची तशी. पाण्यावर एक गोल उमटला आणि काठी वाकली.

“लागला! बारक्या, लागला रे! अरे, केवढा ओढतोय!”

दादा लहान पोरासारखा ओरडत होता. त्याच्या पाठीची थरथर पट्ट्यातून बारक्याच्या मुठीत येत होती. पाण्यात हातभर लांबीचं काहीतरी रुपेरी वळलं. मग काठी एकाएकी सरळ झाली.

दोरी ओढून घेतली तर टोकाला नुसता हूक. त्याला रेशमाचा भिजका तंतू लोंबत होता.

बारक्याने डबीतली दुसरी माशी पाण्यात धरली. ओलं झालं तसं रेशीम सुटलं, आणि पिसं प्रवाहाबरोबर निघून गेली. तिसरीचंही तेच झालं.

“गाठ,” तो म्हणाला. “दादा, मी गाठच मारली नाही रे. एकीलाही नाही.”

बारक्याने त्याला जवळजवळ उचलूनच काठावर आणलं, व्हॅनमध्ये निजवलं, चादरी पांघरल्या. मग स्वतः दारात बसला, सुई-धागा काढला, आणि उरलेल्या सदतीस माश्यांना गाठी मारायला लागला. दुहेरी, तिहेरी, बोटाला टोचतील अशा. उन्हं पुलाच्या कमानीवर चढली तेव्हा शेवटची झाली.

“दादा, झाल्या सगळ्या. उद्या सकाळी उजाडताच उतरू.”

“उद्याची पावती कुठेय?”

“काढतो ना. कार्यालय उघडं असेल अजून. पेट्रोलच्या पैशांतून काढतो, परत जाताना बघू काय ते.”

“बारक्या,” दादा डोळे मिटूनच म्हणाला, “ती रेघ मी पैशांसाठी मारली नव्हती.”

बारक्याने डबी खाली ठेवली.

“तुला कोणी सांगितलं?”

“गोळ्या कशावरच्या, ते पाकिटावर छापलेलं असतं. अठ्ठावीस वर्षं पाट्याच वाचल्यात मी. दोन दिवस पाण्यात उभं राहणं जमणार नव्हतं मला. एक दिवस जमेल असं वाटलं, तेवढा धरला.”

बारक्या रडायला लागला, चोपन्न वर्षांचा बाप्या, तोंडावर लाँड्रीची चादर दाबून. दादाने मोजून मापून एकच दिवस आणला होता, आणि आपण तो आपल्या हातांच्या घमेंडीत घालवला. एक विकतची माशी घेतली असती तर!

दादाने चाचपडत त्याचं मनगट धरलं. “मोठा होता ना रे?”

“होता, दादा. हातभर होता.”

“मला कळलं. ओढत होता.” मग त्याने उशाची वही बारक्याकडे सरकवली. “सुटण्याची वेळ लिही. आणि गाडी काढ.”