पुतळ्याची जागा

दोनदा वीरपदक मिळालं की सोव्हिएत सरकार त्या माणसाच्या जन्मगावी त्याचा ब्राँझचा पुतळा बसवतं, तोही जिवंतपणी. मेलेल्यांना निदान स्वतःचा पुतळा पाहावा लागत नाही. जनरल येर्मोलाय साव्विच दुब्रोव्ह जिवंत होते, त्यामुळे त्यांना आपल्या गावी, झुराव्ल्योव्काला यावं लागलं.

चांभाराचा हा पोरगा सैन्यात घोड्यांची लीद काढायला लागला आणि तोफखान्यातून वर चढत गेला. पहिलं पदक त्यांनी एक नदी ओलांडून मिळवलं, दुसरं एक किल्ला पाडून. पण त्यांचं नाव झालं ते झुराव्ल्योव्कामुळे. त्रेचाळीस साली गावात जर्मन ठाण मांडून बसले होते. नेम बसवायला एखादी ओळखीची खूण लागते, आणि दुब्रोव्हना गावातली एकच खूण डोळे मिटून सांगता येत होती: स्वतःच्या घराचं धुराडं. शिवाय स्वतःचं घर वाचवलं असं कुणी म्हणायला नको. पहिला गोळा तिथेच पडला. लोकांना रानात हाकललंय, घरं रिकामी आहेत, असं टेहळ्यांनी सांगितलं होतं. सैन्याच्या वर्तमानपत्राने हे सगळं मोठ्या कौतुकाने छापलं.

आई जर्मनांच्या काळात वारली, एवढं त्यांना पुढे कळलं. नेमकी कधी, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. रणगाड्यांसमोर उभा राहणारा हा माणूस त्या एका प्रश्नापुढे सहा वर्षं शेपूट घालून बसला होता. थोरली बहीण ग्लाफिरा गावातच होती. तिच्याकडून कधी चिठ्ठी आली नाही, की ‘ये’ म्हणून निरोप आला नाही. तिने एकदा घरात घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सामुदायिक शेतीचा अध्यक्ष तिखोन लुकिच मोटारीपाशी धावत आला.

"कॉम्रेड जनरल, जागा बघाच! अगदी चौकात. पाडापाडीसुद्धा करावी लागली नाही, मोकळीच होती. तुमच्या बहिणीने बटाटे लावले होते, तेवढे उपटले."

जनरलनी जागा पाहिली. आपल्या जुन्या अंगणाच्या कोपऱ्यातलं सफरचंदाचं झाड त्यांनी ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बँड वाजला, कापड ओढलं गेलं. खाली जनरल घामाघूम झाले होते, वर ब्राँझचे जनरल ताठ होते. फोटो चांगला येईल म्हणून तिखोन लुकिचने पाहुण्याच्या स्वागताचं रिवाजाप्रमाणे भाकरी-मीठ द्यायला ग्लाफिरालाच उभं केलं होतं. तिने भरतकामाच्या टॉवेलवर गोल भाकरी पुढे धरली. जनरलनी तुकडा तोडला, मिठात बुडवला. तो तोंडात घातला.

"ग्लाशा," ते हळूच म्हणाले, "आई कधी गेली?"

"आत्ता सुचलं होय रे विचारायला?"

"सांग ना."

"तू तोफा घेऊन आलास त्याच दिवशी." ती भाकरीकडेच बघत होती. "मी म्हटलं, शेजारच्या तळघरात चल. ती ऐकेना. म्हणाली, नदीपलीकडे आपला येर्मोशा आहे, तो काय आपल्याच घरावर गोळा टाकेल? उलट मलाच म्हणाली, तूही इथेच थांब. आख्ख्या गावात याच्याइतकं सुरक्षित घर नाही."

तुकडा अजून तोंडातच होता. एवढ्या लोकांसमोर थुंकता येत नाही, म्हणून त्यांनी तो कसाबसा गिळला.

"तिखोन लुकिच, हा पुतळा उचला इथून. आत्ताच्या आत्ता."

अध्यक्षाचा चेहरा पडला. "कॉम्रेड जनरल, हुकूम मॉस्कोचा आहे. इथे तुमचं चालायचं नाही."

"राहू दे तिखोन," ग्लाफिरा म्हणाली. "मरायच्या आधी आईने चूल पेटवली होती. येर्मोशा आज घरी येतोय म्हणाली, भुकेलेला असेल. आला एकदाचा."

तिने भाकरी तिखोनच्या हातात दिली, टॉवेलची घडी घातली आणि आपल्या आताच्या घराकडे निघाली. चार पावलांवर थांबून म्हणाली, "आता चल. कोबीचं सूप निवतंय. आणि ती पदकं बाहेर काढून ठेव, मला घरात चालायची नाहीत."

जनरल तिथेच, तिच्या उपटलेल्या बटाट्यांच्या जागेवर, एकेक पदक काढू लागले. पदकं बरीच होती, त्यामुळे वेळ लागत होता. ग्लाफिरा थांबली.