चिंचेच्या पाण्यातला ट्रायलोबाइट

मी एक ट्रायलोबाइट बोलतोय. ठाण्याला कोपरीत, काळुराम भोईर यांच्या काचेच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर राहतो. नाव अवघड वाटलं तर नुसतं 'किडा' म्हणा. त्यांच्या पत्नी, आवडाबाई, मला तेच म्हणतात.

एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वी मी समुद्राच्या तळाशी सरपटत होतो. माझे डोळे तुमच्यासारखे मऊ नव्हते. चुनखडीत जे खनिज असतं त्याच खनिजाचे, पण स्वच्छ, मक्याच्या दाण्यांसारखे रांगेत बसवलेले मणी होते ते. भीती वाटली की मी अंग मुडपून गोळा व्हायचो. एकदा चिखलाचा लोट आला आणि तेवढाही वेळ मिळाला नाही. चिखलाचा दगड झाला, माझाही झाला. डोळे मात्र जसेच्या तसे राहिले.

मोरोक्कोत एका कारागिराने मला दगडातून मोकळं केलं. काळुरामांचा पुतण्या हर्षित बोटीवर नोकरीला आहे. त्याने मला तिथल्या बाजारातून काकांसाठी आणलं. काळुराम पाणीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भिंग लावून माझे डोळे पाहिले आणि त्या दिवशी जेवायलाच विसरले.

कपाटात आम्ही एकतीस जण आहोत. पण खास आम्हाला बघायला कधी कुणी आलं नव्हतं. नातेवाईक यायचे, पंख्याखाली बसायचे, जेवून जायचे. म्हणून मोहने गावातली सान्वी येणार असं ठरलं, तेव्हा घरात लगबग सुरू झाली.

सान्वी नववीतली. डोंबिवलीच्या एका प्रदर्शनात तिने काळुरामांना काडेपेटीत कापसावर ठेवलेला, नखाएवढा ट्रायलोबाइट दाखवला होता. दाखवला फक्त, बोलली काही नाही. काळुराम म्हणाले होते, "माझ्याकडे डोळेवाला आहे. ये बघायला."

त्या रविवारी काळुराम पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि आवडाबाईंनी कपाट पुसायला घेतलं. मला उचलून उजेडात धरलं.

"पोर एवरे लांबून येतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आन् याचा तोंड बघा, कसा काळवंडलाय."

त्यांनी चिंच कोळली, वर दोन लिंबं पिळली, मीठ टाकलं. याच पाण्याने त्यांचे पितळेचे देव दर सणाला उजळतात. दाराची बेल वाजली तशी त्यांनी मला वाटीत सोडलं आणि ओल्या हातानेच दार उघडायला गेल्या.

वाटी उथळ होती. मी उजव्या कुशीवर पडलो होतो, डावा डोळा जेमतेम पाण्याबाहेर होता. उजव्या डोळ्यापाशी एक बुडबुडा आला, मग दुसरा. चुनखडीला आंबट लागलं की ती फसफसते आणि झिजते. मी मुडपून गोळा व्हायला पाहिलं. पण दगडाला मुडपता येत नाही.

बाहेर काळुरामांनी पहिली फळी उघडली होती. ते एकेकाला तळहातावर घेऊन दाखवत होते.

सान्वीचे बाबा, विनीत, म्हणाले, "काका, राग मानू नका, पण मला सगळी झुरळंच वाटतात."

"झुरळ काल-परवाचं हो, विनीतराव. हे त्याच्याही आधीचे."

"आणि आमची ही अशी. तोंडात मूग. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते."

सान्वी पाणी प्यायला आत आली. ग्लास उचलताना तिची नजर वाटीवर गेली. ती वाकली. बुडबुडे तिने पाहिले. मी तिचे डोळे मोठे झालेले पाहिले. तिचा हात पुढे आला.

"राहू दे गं बाय," मागून आवडाबाई आल्या. "चिंचेत टाकलाय. कसा लखलखीत होतंय बघ. तुझ्यासाठीच केलाय. त्यांना आताच नको सांगू, गंमत करू."

त्यांचा चेहरा इतका खूश होता की सान्वीचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. परक्याचं घर, वडीलधारं माणूस. ती पाणी न पिताच बाहेर गेली.

दुसरी फळी उघडली. कपबशा वाजल्या. चहा झाला. माझ्या उजव्या डोळ्यातल्या मण्यांच्या कडा एकेक करून विरत होत्या. वाटीचा तळ मला धूसर दिसू लागला. काळुराम म्हणत होते, "आता तिसरी फळी. माझा डोळेवाला."

तेवढ्यात पावलं धावत आली.

"आजी, तो विरघळतोय."

"खुळी का काय? दगड कदी विरघळतंय?"

सान्वीने सरळ वाटीत हात घातला, मला उचललं आणि नळाखाली धरलं. काळुराम दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मला घेतलं, खिशातलं भिंग लावलं. ते उजव्या डोळ्यावरच थांबलं.

"मी टाकला चिंचेत," आवडाबाई हळूच म्हणाल्या. "देव उजलतात ना, तसा."

काळुरामांनी मान हलवली. "तुला मी कधी सांगितलंच नाही, हे कशाचे असतात ते." मग सान्वीकडे वळले. "तू कधी पाहिलंस?"

ती खोटं बोलू शकली असती.

"चहाच्या आधी," ती म्हणाली.

"मग तेव्हाच बोलायचं ना," विनीत म्हणाले.

"मीच गप केला तिला," आवडाबाई म्हणाल्या.

"नाही आजी. मला बोलता आलं असतं."

काळुरामांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं, डावी बाजू वर करून. भिंग तिच्या हातात दिलं. "हा डोळा तू वाचवलास. नीट बघ. आणि आजीलाही दाखव, काय ते समजावून सांग."

ती सांगू लागली. आधी अडखळत, मग सलग. आवडाबाई भिंगाला डोळा लावून ऐकत होत्या आणि मधूनमधून पदराने दुसरा डोळा टिपत होत्या.

आज माझा उजवा डोळा खडूसारखा गुळगुळीत आहे. त्या बाजूने मला काहीच दिसत नाही. मला सान्वीचा राग नाही, आवडाबाईंचा तर नाहीच. पण तुम्हाला एक विनंती आहे. कुणाच्या घरी गेलात आणि वाटीत असे बुडबुडे दिसले, तर चहा होईपर्यंत थांबू नका.