चार प्रश्नचिन्हं

चेन्नईच्या मुख्य केंद्रात नवं यंत्र आलं की जुनं शहराबाहेर एन्नोरच्या राखीव केंद्राला पाठवायचं, असा त्या सरकारी खात्याचा रिवाज होता. संगणक, खुर्च्या, थंड हवेची यंत्रं, सगळं वापरून झालं की तिकडे. आपलीही बदली त्याच हिशेबात झाली असावी, असं उपेंद्र एकदा म्हणाला होता. कुणी हसलं नाही. तेव्हा विनोद नीट जमला नाही की लोकांना तो खराच वाटला, याचा तो आठवडाभर विचार करत बसला.

पंचेचाळिशीचा हा माणूस मूळचा अमळनेरचा. लग्न केलं नव्हतं. चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांना खोल्या देणाऱ्या जुन्या इमारतीत, तो राहायचा. खोलीत पलंगाखाली आणि पलंगावरही पुस्तकं होती. दुपारी वाटेत गाडी बदलून तो एन्नोरला जाई. तिथे वीजकेंद्रांची राख खिडकीच्या गजांवर बसलेली असे. आत पंख्यांची घरघर, आणि राखीव संगणकांच्या रांगेसमोर त्याची आणि सहकारी मुरलीची टेबलं.

काम साधं होतं. मुख्य केंद्र बंद पडलंच तर या यंत्रांनी भार उचलायचा. म्हणून दोन्हीकडच्या यंत्रांची तब्येत दोन्हीकडे कळत राहायला हवी. त्यासाठी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची. प्रोसेसर किती दमलाय, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, याचा तक्ता समोर यायचा. खाली एक ओळ मोकळी असायची. पाळी संपवणाऱ्याने त्यात शेरा लिहायचा, तो दुसऱ्या केंद्रात दिसायचा. आज्ञेचं नाव कुणीतरी ‘नाडी’ ठेवलं होतं. तमिळमध्येही नाडीच, मराठीतही नाडीच, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

मुख्य केंद्रात शेरा लिहायची ती त्रिपुरसुंदरी.

उपेंद्रने तिला एकदाच पाहिलं होतं, एका प्रशिक्षणात. प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा तो स्वतःशीच “अरे देवा” म्हणाला आणि पुढच्या रांगेतली बाई वळली. चाळिशीच्या आतबाहेरची, केसांत मोगऱ्याचा तुटका गजरा.

“तुम्ही मराठी?” तिने विचारलं.

“हो. तुम्ही?”

“आम्ही तंजावरचे. आमची मराठी तुम्हांस हसू येईल अशी.”

त्याला हसू आलं नाही. ती बोलत राहावी असं मात्र वाटलं. ‘सांगितलं’ला ती ‘सांगट्लं’ म्हणायची. वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचलायची. जुन्या पोथीतला एखादा शब्द कानांत डूल घालून समोर बसावा तसं त्याला वाटत होतं. प्रोजेक्टर सुरू झाला आणि बोलणं तिथेच थांबलं.

पुढे शेऱ्याच्या ओळीत मराठी सुरू झाली ती तिच्याकडून. लिपी रोमन, कारण देवनागरी तिला येत नव्हती. “आमच्या घरी मराठी कानाने आली, हाताने नाही,” असं तिने एकदा लिहिलं होतं. पूर्वजांचे कागद मोडी लिपीत, आपली शाळा तमिळ, आणि मधे देवनागरी राहूनच गेली. एकदा तिने विचारलं, तुमच्याकडे नाडीला काय म्हणतात? त्याने लिहिलं, “नाडीच. एक मनगटातली, दुसरी पायजम्याची.” ओळ पाठवल्यावर त्याचे कान तापले. बाईमाणसाला हे काय लिहून बसलो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “मनगटातली ठीक चालते. दुसरीची खबर तुम्हीच ठेवा. येते.”

दर शेऱ्याच्या शेवटी ती ‘येते’ लिहायची. निघताना जाते म्हणायचं नाही, ही रीत तमिळमध्येही आणि मराठीतही. उपेंद्रला हे पक्कं माहीत होतं. तरी तक्त्याखाली तो शब्द दिसला की दाराकडे पाहावंसं वाटायचं.

मुरलीला ती रोमन अक्षरं वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. “सार, डिस्क भरल्याचं एवढ्या हसऱ्या तोंडाने कुणी वाचत नाही,” तो म्हणायचा.

“डिस्कचंच आहे,” उपेंद्र म्हणायचा.

“मग मला सांगा, ‘येते’ म्हणजे किती टक्के?”

असं वर्षभर चाललं. मग अमळनेरहून बहिणीचा, विद्युलताचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि चेन्नईत भाऊ असताना कांजीवरम अमळनेरच्या दुकानातून का घ्यायचं, असं तिचं म्हणणं होतं. “तुला साड्यांतलं काही कळत नाही हे ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “कुणी बाईमाणूस नाही का ओळखीचं?”

त्या प्रश्नाने त्याला निमित्त दिलं. चार दिवस मनात मजकूर घोळवून त्याने शेऱ्यात लिहिलं: “भाचीसाठी साडी घ्यायची आहे. मला त्यातलं कळत नाही. रविवारी पाच वाजता टी. नगरला, पानगल पार्कच्या फाटकाशी याल का?”

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तक्ता आला. सगळी यंत्रं धडधाकट होती. खाली शेरा होता:

????

बाकी काही नाही. नेहमीचं रोमन ‘येते’सुद्धा नाही.

उपेंद्र त्या चार खुणांकडे बघत राहिला. एक प्रश्नचिन्ह म्हणजे प्रश्न. चार म्हणजे, हे काय भलतंच? तुम्ही मला समजलात तरी कोण? त्याला तिचा स्वरसुद्धा ऐकू आला, शेवटी वर उचललेला. पुस्तकांनी भरलेल्या खोलीतला माणूस, ना रूप ना बोलणं, पायजम्याच्या नाडीचे विनोद करणारा. तिने वर्षभर सभ्यपणा दाखवला आणि आपण त्याचा काय अर्थ काढला.

रविवारी तो खोलीबाहेर पडला नाही. पुस्तक उघडून बसला, संध्याकाळपर्यंत पान तेच होतं. विद्युलताला त्याने कळवलं की साडीचं काही जमणार नाही.

सोमवारचा तिचा शेरा होता: “सर्व ठीक.” मंगळवारचाही तोच. त्यानेही तेवढंच लिहायला सुरुवात केली. ‘येते’ पुन्हा कधी आलं नाही. तो ते जपून रोज शोधायचा, खोलीत कुणी नाही हे माहीत असूनही दाराला कान देणाऱ्या माणसासारखा.

पावसाळा आला आणि गेला. मग मुख्यालयातून पत्र आलं की नाडी आता निवृत्त. नवी व्यवस्था शुक्रवारनंतर सुरू होईल, एन्नोरचं केंद्र त्यातच विलीन होईल, माणसांच्या बदल्या यथावकाश. त्याआधी उपेंद्रने जुन्या सगळ्या नोंदी जेसन प्रकारात काढून पाठवायच्या. म्हणजे तक्ता नको, महिरपी कंसांत एकेक नाव आणि त्यापुढे त्याची किंमत, अशी साधी मजकुराची फाइल. नवं यंत्र ती न कुरकुरता वाचतं.

“आज जेवायला उशीर होईल, जेसन काढायचाय,” तो शुक्रवारी फोनवर विद्युलताला म्हणाला.

“कोण जेसन? कुठे अडकलाय तो?”

“माणूस नाही गं. फाइल आहे.”

“तुझ्याकडे माणसाची बातमी कधी असते?” ती म्हणाली, आणि लगेच मवाळ होऊन, “जेवून घे वेळेवर,” म्हणाली.

आज्ञेपुढे एक जादा शब्द जोडला की नाडी तक्त्याऐवजी जेसन द्यायची. उपेंद्रने तो जोडला. फाइल तयार झाली. पाठवण्याआधी नजर टाकायची त्याची सवय होती. पण खरं सांगायचं तर त्याला नोंदी बघायच्याच नव्हत्या. त्याला शेरे बघायचे होते. शुक्रवारनंतर ते कुठल्या तरी गोदामात जाणार होते. मनगटातली ठीक चालते, हे त्याला एकदा वाचायचं होतं.

वाचत वाचत तो त्या दिवसापर्यंत आला. त्याचा स्वतःचा प्रश्न होता, शरमेने तो भरभर पुढे सरकला. पुढची नोंद तिची. शेरा या नावापुढे प्रश्नचिन्हं नव्हती. होतं ते हे:

\u092f\u0947\u0924\u0947

तो थांबला. मुरलीने विचारलेलं काहीतरी त्याने ऐकलं नाही.

रोमन नसलेली अक्षरं जेसनमध्ये अशीच उतरतात, प्रत्येकाच्या जागी त्याचा क्रमांक. आणि शून्य-नऊने सुरू होणारे हे क्रमांक देवनागरीचे, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. एन्नोरचा जुना पडदा देवनागरी दाखवू शकत नव्हता. न कळणाऱ्या प्रत्येक खुणेच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह टाकायचा. हेही उपेंद्रला ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण देवनागरी तिला येत नाही हेही ठाऊक होतं, आणि चार प्रश्नचिन्हं आपल्याला शोभणारं उत्तर आहे याबद्दल तर त्याला शंकाच आली नव्हती.

त्याने क्रमांकांची यादी उघडली. पहिला य. दुसरी मात्रा. तिसरा त. चौथी पुन्हा तीच मात्रा.

येते.

म्हणजे तिने ती अक्षरं शिकून घेतली होती. निदान एवढी दोन. रोज रोमनमध्ये लिहायची ते निरोपाचं ‘येते’ वेगळं आणि हे वेगळं, हे त्याला कळावं म्हणून मुद्दाम. तिच्या नव्या पडद्यावर ती नीट दिसली असतील. तिने ती पुन्हा एकदा पाहिली असतील, मात्रा जागच्या जागी आहेत ना म्हणून.

आणि ती गेली असेल. पानगल पार्कच्या फाटकाशी, रविवारच्या त्या गर्दीत, पिशव्या घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंनी धक्के देत जात असताना. तो कुठल्या बाजूने येईल हे माहीत नसल्याने सगळीकडे बघत.

“सार,” मुरली म्हणाला, “बरं वाटत नाही का?”

“डोळ्यांत राख गेली.”

“खिडकी तर बंद आहे.”

 उपेंद्रने फाइल पाठवली, जेसन काढायची सोय आता बंद केल्याचा वरून निरोप आला. आता पडदा तेवढा संध्याकाळपर्यंत चालणार होता. टेबलावर फोन होता, मुख्य केंद्राचा नंबर त्यावर चिकटवलेला होता. त्याने रिसीव्हर उचलला आणि ठेवला. तोंडाने हे सांगायला लागलो तर पहिल्याच वाक्यात माफी मागून फोन ठेवून देऊ, एवढी स्वतःची ओळख त्याला होती. त्याने शेऱ्याची ओळ उघडली आणि रोमन अक्षरांत लिहिलं:

“तुमचं उत्तर माझ्या पडद्यावर चार प्रश्नचिन्हं होऊन आलं. मला वाटलं, तुम्ही रागावलात. आज वाचता आलं. चूक माझी, मी विचारायला हवं होतं. या रविवारी पाचला त्याच फाटकाशी मी उभा असेन. याल का?”

साडीचा उल्लेख त्याने केला नाही. भाचीचं लग्न कधीच होऊन गेलं होतं.

संध्याकाळी मुरली डबा धुऊन आला आणि वाकून पडद्याकडे बघत म्हणाला, “हे पाहा, जाता जाता बिघडली तुमची नाडी.”

शेवटच्या तक्त्याखाली शेवटचा शेरा होता:

????

उपेंद्र खुर्चीत मागे टेकला. आपल्याला काय दिसणार हे तिला या वेळी माहीत होतं. माहीत असून तिने देवनागरीतच लिहिलं होतं. ही थट्टा असेल. किंवा, मी थांबले तेव्हा मला जे कळलं नाही ते आता तुम्हालाही कळू नये, असंही असेल. त्याने सवयीने बोटं मोजली. य, मात्रा, त, मात्रा. चार. मग त्याच बोटांवर दुसरा शब्द मोजला गेला. न, काना, ह, वेलांटी. ‘नाही’चेही चारच.

“काय लिहिलंय सार?” मुरलीने विचारलं. “आज तरी सांगा.”

“माहीत नाही.”

“मग फोन करून विचारा. नंबर काय शोभेला लावलाय?”

उपेंद्रने फोनकडे पाहिलं. विचारता आलं असतं. पण तीही त्या रविवारी फाटकाशी गेली होती ती आपल्याकडून दुसरा शब्द न मागता; आपण लिहिलंय म्हणजे येऊ, एवढ्यावर. “नको,” तो म्हणाला. “रविवारी कळेल.”

मुरलीने ओले हात पुसले आणि पडदा विझवला.

रविवारी उपेंद्रने इस्त्रीचा सदरा घातला, मग तो फारच इस्त्रीचा वाटला म्हणून दुसरा घातला. पाचच्या बऱ्याच आधी तो पानगल पार्कच्या फाटकाशी पोचला. समोर साड्यांची दुकानं माणसं आत घेत होती आणि बाहेर सोडत होती. बसमधून उतरणारी प्रत्येक बाई वळून इकडेच येते आहे असं वाटायचं आणि ती पुढे निघून जायची. फाटकाच्या कडेला फुलवाली हातभर मोजून मोगरा कापत होती. त्याने एक गजरा घेतला. घेतल्यावर तो हातात कसा धरायचा हे कळेना, म्हणून केळीच्या पानात गुंडाळून खिशात ठेवला. लगेच वाटलं, चुरगळेल. पुन्हा बाहेर काढला.

पाच वाजले आणि होऊन गेले. ती त्या दिवशी नेमकी कुठे उभी राहिली असेल याचा तो अंदाज घेत होता. फाटकाच्या आत झाडाखाली सावली होती, पण तिथून रस्ता दिसत नव्हता. ती बाहेर उन्हातच थांबली असणार. तो सावलीतून निघून बाहेर येऊन उभा राहिला.

मग त्याच्या मनात आलं की ती किती वेळ थांबली होती हे आपल्याला माहीत नाही. तेव्हा आपण किती वेळ थांबायचं हे कशावरून ठरवणार?

पानातला मोगरा ओला होता. त्याने तो दुसऱ्या हातात घेतला आणि बसथांब्याकडे तोंड करून उभा राहिला.