किल्लीचा आवाज

रत्नाकाकूंच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, वर रबरबँड लावून. सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर. एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेला डिनर सेट खोक्यातच आहे, पाहुण्यांसाठी. या घरात आपण पाहुणे कधी होणार, असं मोरेश्वरकाकांनी एकदा वैतागून विचारलं होतं. काकूंनी त्यांना स्टीलच्या ताटात वाढलं आणि विषय मिटवला.

हसू नका. अमेरिकेतल्या आमच्या अर्विंगमधल्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं, कबूल कोणी करत नाही एवढंच.

तर अशा बाईंच्या हातात रविवारच्या मराठी शाळेनं ग्रँटमधून आलेलं सगळं सामान दिलं. दोन कॅमेरे, चार माइक, तीन पायांचे स्टँड, चित्रं काढायचे टॅब्लेट आणि ॲनिमेशनचा सगळा सरंजाम. एका आर्ट्स फाउंडेशननं दिलेली ही ग्रँट होती आणि ती मिळवायला परीक्षित, म्हणजे शाळेचं कामकाज बघणारा आयटीवाला, चार वीकेंड अर्ज लिहीत बसला होता. अर्जात एकच गोष्ट तळमळीनं लिहिली होती. तेराव्या वर्षानंतर मुलं शाळा सोडतात. धडे वाचायचा त्यांना कंटाळा येतो. त्यांना मराठीत काहीतरी स्वतः बनवू द्या, म्हणजे टिकतील. मोठ्या मुलांच्या वर्गात सात जण उरले होते. ग्रँट गेली तर वर्ग बंद, हे कमिटीनं स्पष्टच सांगितलं होतं.

हा वर्ग रत्नाकाकूंचा. बावीस वर्षं त्यांनी तो चालवला होता. आठवडाभर फार्मसीत उभं राहून पाय दुखले तरी रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्या चर्चच्या मागच्या भाड्याच्या खोलीत हजर असायच्या. स्वतःला मूलबाळ नाही. वर्ग बंद झाला तर रविवारी करायचं काय, हा प्रश्न त्यांनी कोणाला बोलून दाखवला नव्हता, पण तो होता.

सामान आलं. काकूंनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला (परीक्षितनं पार्किंग लॉटमध्ये), पेढे वाटले, आणि मग सगळं सामान लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. प्लास्टिकसकट. त्याला कारणही होतं. मागे एकदा कोणा मुलानं शाळेच्या प्रोजेक्टरवर मँगो ज्यूस सांडला होता, आणि दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मुलांनी कॅमेरा मागितला की काकू म्हणायच्या, आधी गोष्ट पक्की बसवा, पाठ करा, मग बघू. गोष्ट बसवली की म्हणायच्या, उच्चार अजून कच्चे आहेत. मुलं एकमेकांकडे बघायची आणि इंग्रजीत कुजबुजायची. काकू दर रविवारी कपाट उघडून सामान मोजायच्या, हात फिरवायच्या आणि समाधानानं बंद करायच्या. असे पाच महिने गेले.

फेब्रुवारीत फाउंडेशनच्या मिसेस कॅल्डवेल बघायला येणार असं पत्र आलं. सामान मुलांच्या हाती नसेल तर ते दुसऱ्या शाळेला जाईल, असा नियमच होता. परीक्षितच्या तोंडचं पाणी पळालं. पण वर्गातली शिवांगी, पंधरा वर्षांची, कुरळ्या केसांची, प्रत्येक वाक्याला खांदे उडवणारी मुलगी, म्हणाली की फिल्म तयार आहे. तिच्या घरी सगळ्यांनी मिळून केली आहे, फोनवर. काकूंना आधी दाखवणार नाही, सरप्राइज आहे. परीक्षितनं मोठा श्वास सोडला आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, बाईंना आपण कॅमेऱ्यावर शूट केलं म्हणून सांगू. काकूंना ते पटलं नाही, पण वर्गासाठी त्यांनी मान डोलावली.

मिसेस कॅल्डवेल आल्या. पांढऱ्या केसांच्या, साध्या बुटांतल्या. चिवडा आवडीनं खाल्ला, अगदी दोनदा मागून. मग दिवे बंद करून फिल्म लागली.

नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्याला करडा रंग देऊन मुलांनी कपाट केलं होतं. आत साबणाच्या डबीचा कॅमेरा, त्याला बाटलीच्या झाकणाची लेन्स. आइस्क्रीमच्या काडीला चांदीचा कागद गुंडाळून केलेला माइक. सगळ्यांच्या अंगावर सँडविचच्या प्लास्टिक पिशव्या.

"कॅमेराबाई," माइक मराठीत म्हणाला, "आपण बाहेर कधी जाणार हो?"

"मुलं शहाणी झाली की."

"ती कधी होणार?"

"तोवर आपली वॉरंटी संपेल."

तिकडे स्टँड कण्हत होता, मला एकदा तरी पाय ताणू द्या गं बायांनो. तेवढ्यात खुळखुळ आवाज झाला. आल्या, आल्या, सरळ उभे राहा! पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली आत आली, तिला चष्मा होता. तिनं सगळ्यांना मोजलं, पिशव्यांवरची धूळ पुसली, म्हणाली, "गुणाची गं माझी बाळं. आधी हात धुवा, मग विचार करू." आणि दार बंद.

काकूंना आधी तोंडात मारल्यासारखं झालं. मग दुसरंच काहीतरी उमगलं आणि त्या खुर्चीत ताठ झाल्या. ही पोरं मराठी बोलत होती. धड्यातली नव्हे, घरातली. कण्हत होती, टोमणे मारत होती, 'गुणाची गं माझी बाळं' हे त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांच्याच हेलात म्हणत होती. बावीस वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते समोर पडद्यावर चाललं होतं, आणि चाललं होतं ते त्यांचीच टर उडवायला. काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

मिसेस कॅल्डवेलनी विचारलं, काय म्हणतायत मुलं? सांगाल का मला?

परीक्षित घाईनं पुढे झाला. ही एका कपाटाची लोककथा आहे, असं काहीतरी तो सांगू लागला. काकूंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"थांब. मी सांगते." मग इंग्रजीत, सावकाश, त्यांनी सगळं सांगितलं. वॉरंटीचं, पाय ताणण्याचं, चष्मेवाल्या किल्लीचं. "ती किल्ली मी आहे. ही फिल्म तुमच्या कॅमेऱ्यावर केलेली नाही. तो मी कुलपात ठेवलाय. मुलांची काही चूक नाही."

शिवांगीनं पहिल्यांदाच खांदे उडवले नाहीत. मिसेस कॅल्डवेलनी कपाट उघडायला सांगितलं. आतलं सगळं नवं कोरं होतं, पिशव्यांवरही एक डाग नव्हता. त्यांनी एकेक पिशवी उचलून बघितली आणि म्हणाल्या की नियम नियम आहे, पण मुदत महिनाअखेरची आहे. शेवटच्या रविवारी मी परत येईन. तेव्हाही हे असंच दिसलं तर घेऊन जाईन.

त्या गेल्यावर काकूंनी कात्री मागितली. पहिली पिशवी त्यांनी कडेकडेनं जपून कापली. दुसरी त्यांनी दातांनीच फाडली. मग कमरेची किल्ली काढून शिवांगीच्या हातावर ठेवली.

शिवांगीनं ती उलटसुलट करून पाहिली. "काकू, आता परत शूट करू ना, रिअल कॅमेऱ्यावर. पण माझा आवाज फेक वाटतो. किल्लीचा आवाज तुम्हीच द्या ना."

पुढचे दोन रविवार त्या खोलीत नुसता गोंधळ होता. वर्गातल्या आन्यानं कॅमेरा टेबलावरून पाडला. काकूंनी डोळे मिटून मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि म्हणाल्या, पडू दे, चालतोय ना? स्वतःचं वाक्य बोलताना त्यांना इतकं हसू यायचं की अकरा टेक झाले. शाळा सोडून गेलेली दोन मुलं काय चाललंय ते बघायला आली आणि स्टँडचे पाय धरायला थांबली.

महिनाअखेरीला मिसेस कॅल्डवेल आल्या. कॅमेऱ्यावर पोचा होता, त्यावर पिवळ्या रंगाची बोटं उमटलेली. टॅब्लेटवर चिकट डाग. माइकच्या वायरला टेप. काकू एकेक वस्तू उचलून दाखवत होत्या, हा पोचा आन्याचा, ही बोटं अर्णवची, आणि आवाजात असा अभिमान की जणू लेकरांची बक्षिसं दाखवतायत.

बाईंनी फॉर्मवर खुणा केल्या. कपाटाचं दार ओढून बघितलं, ते सहज उघडलं. याची किल्ली आता कोणाकडे असते, त्यांनी विचारलं.

काकूंनी टेबलाकडे बोट केलं. खरी किल्ली पुठ्ठ्यावर डिंकानं पक्की चिकटवलेली होती, तारेचा चष्मा लावून, पुठ्ठ्याचे दोन्ही हात पसरलेले. नव्या फिल्ममध्ये शेवटी ती दार बंद करत नव्हती, सगळ्यांबरोबर बाहेर पडत होती.

"ती कामात आहे," काकू म्हणाल्या. "निघायची नाही आता."

मिसेस कॅल्डवेलनी खाली सही केली आणि चिवड्याची डिश पुढे ओढली. त्या रात्री मोरेश्वरकाकांना नव्या डिनर सेटमध्ये खिचडी मिळाली.