थोरला दात, धाकटा दात

भावजींनी एक दात उडवला आणि दोन्ही उडाले.

कंपनी दोन माणसांची. एक भावजी, दुसरी त्यांची मेहुणी, जी दुसऱ्या गावात बसून काम करायची आणि फोनवरून भावजींची अक्कल काढायची. दोघांनी दंतवैद्यांसाठी प्रोग्राम केला होता. पडद्यावर जबडा उघडायचा, आणि ज्या दातावर टिचकी मारावी तो आपली सगळी दुखणी सांगायला लागायचा.

त्या जबड्याच्या फाइलचं नाव ‘दात’, रोमन लिपीत. भावजींनी ते थोरल्या, म्हणजे कॅपिटल डीने लिहिलं. मेहुणीने परस्पर धाकट्या डीचं केलं. दोघांचं काम एकत्र शिवणाऱ्या व्हर्जन कंट्रोलने मर्ज करताना कुणाचंच मन मोडलं नाही, दोन्ही नावं ठेवली. मेहुणीच्या संगणकाला ते दोन दात दिसत. भावजींचा संगणक थोरलं-धाकटं मानत नसे. त्याच्या लेखी सगळा एकच दात.

आणि पहिलंवहिलं गिऱ्हाईक जिना चढत होतं. त्याने नाही म्हटलं, तर भावजींनी सासऱ्यांच्या दुकानात गाद्या विकायला बसायचं, असं घरात ठरलं होतं.

“काय केलंत, भावजी?” फोनमधून मेहुणी.

“थोरला पुसला.”

“आणि धाकटा?”

“भावामागे गेला गं बिचारा.”

“परत आणा त्याला!”

“आणला. आता व्हर्जन कंट्रोल म्हणतंय, थोरला बदलला. मी बोटसुद्धा लावलं नाही!”

“मग थोरला ठेवा.”

“ठेवला. आता धाकटा रुसला.”

“आपल्या लिपीत अक्षरांना लहान-मोठं नाही, किती सुखाचं आहे! तुम्हालाच हौस थोरल्या डीची.”

“पहिलं अक्षर मोठं काढलं की जरा भारदस्त—”

“धाकट्यांना मोजायचंच नाही, ही जुनी खोड तुमची. ताईला विचारा.”

दार वाजलं. दंतवैद्य आत आले, खुर्ची ओढून बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. जबड्याच्या जागी पांढरा चौकोन होता.

“हे तर बोळकं आहे हो.”

भावजींच्या नाकाला नव्या गाद्यांचा वास आला. थाप सुचेना, म्हणून ते खरं बोलले.

“डॉक्टर, एकाच जागी दोन दात आलेत. एक काढला की दुसराही पडतो.”

डॉक्टर एकदम पुढे सरकले. “पेशंटचं वय?”

“कालचाच आहे.”

“रोज बघतो मी असले. दुधाचा हटलेला नसतो, आणि पक्का त्याच जागी घुसतो. आधी जागा मोकळी करायची. मग पक्का आपोआप—”

“भावजी!” मेहुणी एवढ्या जोरात किंचाळली की फोन टेबलावर सरकला. “मधे दुधाचा दात बसवू! थोरला-धाकटा दोन्ही मी इकडून काढते. चित्र राहील, फक्त नाव ‘दुधाचा’. ते आधी तुमच्या संगणकावर ओढून घ्या. तुमच्याकडची जागा रिकामी झाली, की मग दुधाच्याचा धाकटा करते. एका उडीत जमत नाही, दोन उड्या मारू!”

भावजींनी दुधाचा ओढला. तक्रार नाही. मग धाकटा ओढला. पांढरा चौकोन थरथरला आणि अख्खा जबडा पडद्यावर खदाखदा हसत उघडला.

“आला!” भावजी खुर्चीवर चढले.

“आला?” फोन ओरडला.

“हिरड्यांसकट!”

डॉक्टर टिचक्यांवर टिचक्या मारत सुटले. “सुळा! पटाशी! अहो, अक्कलदाढ दाबू?”

“दाबा, दाबा! आपलीच आहे!”

दाबली. तिनेही दुखणी सांगितली. डॉक्टरांनी टाळी वाजवली. “उद्यापासून दवाखान्यात हेच वापरणार.”

भावजींनी खुर्चीवरूनच सासऱ्यांना फोन लावला आणि छाती फुगवून सांगितलं, “मामा, मी काही आता गाद्यांवर बसायला येत नाही!”

“चांगलं झालं, जावईबापू,” सासरे म्हणाले. “ती जागा मी केव्हाच दुसऱ्याला दिली. तुम्हाला गाद्यांवर बसवलं असतं, तर तुम्हाला उठवायला आणखी एक माणूस ठेवावा लागला असता.”